एका बाजूचा शब्दकोश

"बंगाली? मिठाई पाहिजे तर पुढच्या गल्लीत जा, ताई," पिंपरी कॅम्पातला पुस्तकवाला म्हणाला आणि स्वतःच हसला. मला हसू आलं नाही. चाकणहून कंपनीच्या बसने तशीच आले होते, पायात सेफ्टी शूज होते, आणि याच्या आधीच्या दुकानांतही मी असल्याच विनोदांचा प्रसाद घेतला होता.

"बंगाली भाषा शिकायचं पुस्तक पाहिजे," मी म्हणाले. "आणि डिक्शनरी."

"कितवीचं?"

"कितवीचं काय? बोलायला शिकायचंय. मला."

त्याने मला वरपासून शूजपर्यंत बघून घेतलं. "असलं मराठीतून नसतंय ओ काही. जर्मन आहे, फ्रेंच आहे, जपानी आहे. जपानी लई जातं आता, चाकणमुळं."

"चाकणमध्ये बंगाली बोलणारी पोरं किती आहेत, माहीत आहे का तुम्हाला?"

"असतील की. पण त्यांच्याशी बोलायला पुस्तक कोण घेतंय? साहेबाची भाषा शिकतात लोकं, ताई."

मला राग यायला वेळ लागत नाही, हे आमच्या घरात आणि कंपनीत सगळ्यांना माहीत आहे. पण तो माणूस खरं बोलत होता आणि खऱ्यावर चिडून काय करणार? मी म्हटलं, वर बघा, मागे बघा, गोडाऊनमध्ये बघा. शेवटी त्याने स्टूल घेतलं आणि अगदी वरच्या फळीवरून एक पिवळं पडलेलं पुस्तक काढलं. हिंदीतून बंगाली, तीस दिवसांत. झटकलं तर त्यातून झुरळ पडलं.

माझ्याकडे तीस दिवस नव्हते. शनिवारी कंपनीचे साहेब हॉस्पिटलमध्ये येणार होते. त्याआधी मला एका माणसाला एवढंच सांगायचं होतं, की तुमच्या मुलाची चूक नाही.

मी विजयश्री. मूळची लातूरकडची, लग्न करून काळेवाडीत आले. चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये नव्याने आलेल्या कामगारांना ट्रेनिंग देते. पत्र्याचे पार्ट दाबून काढणारी प्रेस असते, तिच्यासमोर उभं कसं राहायचं, दोन्ही बटणं दोन्ही हातांनी का दाबायची, अडकलेला पार्ट कसा काढायचा, हे सगळं मी शिकवते. प्रेसच्या तोंडाशी सेन्सर असतो. न दिसणाऱ्या उजेडाचा एक पडदाच म्हणा. हात त्याच्या आत गेला की प्रेस जागच्या जागी थांबते. मी पोरांना आधी तोच दाखवते. लाकडी फळी आत घालते, प्रेस थांबते, पोरं टाळ्या वाजवतात.

सुफल मंडल माझ्याकडेच शिकला. बंगालमधल्या मालद्याकडचा, चोवीस वर्षांचा, तुटकं हिंदी बोलणारा, कमी बोलणारा. बाकीची पोरं ट्रेनिंगमध्ये जांभया देतात, हा प्रश्न विचारायचा. परवानगीशिवाय बोटसुद्धा पुढे करायचा नाही. मी इतरांना सांगायचे, सुफलसारखं काम करा.

त्या दिवशी सेन्सर सारखा उगाच प्रेस थांबवत होता. माल कमी निघत होता. वरून फोन आला आणि मेंटेनन्सच्या सनीला सांगितलं गेलं, की सेन्सर बायपास कर, दुपारी बघू. म्हणजे पडदा नावालाच, हात गेला तरी प्रेस खाली येणार. सनीने ते केलं, आणि त्यानेच नंतर रडत रडत मला सांगितलं. सुफलला कोणी सांगितलं नाही. पार्ट अडकला, त्याने मी शिकवलं होतं अगदी तसाच तो काढायला हात घातला, आणि अर्ध्यावर अडकलेली प्रेस खाली आली.

उजवा हात मनगटाच्या वरून तुटला. मग जंतू रक्तात पसरले. आता तो आयसीयूमध्ये होता, तोंडात नळी, झोपेच्या औषधावर. त्याला काही विचारता येत नव्हतं आणि तो काही सांगू शकत नव्हता.

आणि कंपनी काय म्हणाली? कामगाराला पूर्ण ट्रेनिंग दिलेलं होतं, तरीही त्याने निष्काळजीपणा केला. पुरावा काय, तर माझ्या ट्रेनिंगचा कागद, त्याखाली माझी सही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. मी एचआरच्या प्रितम सरांच्या केबिनमध्ये जाऊन जे बोलायचं ते बोलले. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "मॅडम, चौकशी चालू आहे. तुम्ही इमोशनल होऊ नका." चौकशी करणाऱ्यांकडे गेले, त्यांनी लिहून घेतो म्हटलं आणि पेनचं टोपणसुद्धा काढलं नाही.

एवढ्यात सुफलचा बाप आला.

निताई मंडल त्याचं नाव. वाळकुडा माणूस, चौकड्याचा शर्ट, हातात मुरमुऱ्यांची पिशवी. हिंदी येत नाही. 'ठीक है' तेवढं येतं. त्याच्याबरोबर तपन असायचा. तपन म्हणजे कंत्राटदाराचा माणूस, गावाकडून पोरं आणणारा, त्यांच्या खोल्या बघणारा, त्यांच्या वतीने हिंदीत बोलणारा. बापाला स्टेशनवरून त्यानेच आणलं, आणि वाटेतच काय सांगायचं ते सांगून ठेवलं.

मी भेटायला गेले तेव्हा निताई आयसीयूच्या दाराशी उभा होता आणि जो दिसेल त्याला हात जोडत होता. सिस्टर गेली, तिला हात जोडले. फरशी पुसणाऱ्या मावशी आल्या, त्यांना जोडले. वॉचमनला, लिफ्टवाल्याला, दुसऱ्याच पेशंटच्या नातेवाइकांना. आणि प्रत्येक वेळी तेच वाक्य. "छेले भूल कोरेछे, माफ कोरे दिन." त्यातला 'माफ' मला कळला. पोराचं चुकलं, माफ करा, एवढं कळायला भाषा कशाला लागते?

मी तपनला बाजूला घेतलं आणि हिंदीत, सावकाश, शब्द न् शब्द सांगितलं. "इनको बोल, सुफल की गलती नहीं है. सेन्सर बंद किया था. उसको किसी ने बताया नहीं. मैंने खुद सिखाया है उसको."

तपनने मान डोलावली. बापाकडे वळून तीन-चार शब्द बोलला. आणि तो बाप, माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस, खाली वाकला आणि माझ्या सेफ्टी शूजना हात लावून त्याने ते हात डोक्याला लावले.

"क्या बोला तू?" मी तपनची कॉलर धरायचीच बाकी होती.

"वही जो आपने बोला, मॅडम."

तेच बोलला असता तर तो माणूस कशाला वाकला असता? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण करणार काय? मी बापाचे खांदे धरून त्याला उठवलं आणि मराठीत म्हणाले, "अहो नका हो, तुमची काही चूक नाही." त्याने परत हात जोडले.

मग मी दुसरं कोणी शोधायला लागले. लाइनवरच्या बंगाली पोरांना अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी कुठल्यातरी दुसऱ्या कंपनीत पाठवलं होतं. एकाने फोन उचलला. "दीदी, मेरे को मत फसाओ," म्हणाला आणि नंबर ब्लॉक केला. माझ्या मुलीने, सायलीने, मोबाइलवरचं भाषांतराचं अ‍ॅप दाखवलं. मी आनंदाने ते घेऊन गेले आणि निताईच्या तोंडासमोर फोन धरला. तो भिंतीला चिकटला. हात जोडून, डोळे मिटून, पाठ केल्यासारखं घडाघडा तेच बोलायला लागला. तपनने आधी त्याचा तसा व्हिडिओ काढून घेतला होता, हे मला सिस्टरने सांगितलं. त्यानंतर त्याच्यासमोर मोबाइल काढायची मला हिंमत झाली नाही.

म्हणून पुस्तक. दुसरा मार्गच उरला नव्हता.

घरी येऊन भाजी फोडणीला टाकली आणि पुस्तक उघडलं. पहिला दिवस. हे कमळ आहे. तो हत्ती आहे. राजा दयाळू आहे. मी दुसरा दिवस उघडला. राजाच्या बागेत मोर नाचत आहे. अहो, मला राजाशी काय करायचंय? मला 'बंद' पाहिजे, 'खोटं' पाहिजे, 'सांगितलं नाही' पाहिजे. मी एकविसाव्या दिवसावर उडी मारली. तिथे राजा शिकारीला गेला होता.

"कोण राजा?" भाकरीची वाट बघत बसलेल्या ज्ञानेशने विचारलं. हा माझा नवरा. टेम्पो चालवतो.

"मरू दे तो राजा."

"बंगालीत म्हण की."

"तेच येईना ना!"

"मराठीत भांडून भागंना का तुला? आता अजून एक भाषा घ्यायलीस," तो म्हणाला. पण मग उठून त्याने तवा उतरवला आणि उरलेल्या भाकरी स्वतः केल्या. जाडजूड झाल्या, पण केल्या.

डिक्शनरी सायलीने ऑनलाइन मागवली. इंग्रजी–बंगाली, खिशात मावणारी. आली, आणि उघडून बघते तर बंगाली सगळं बंगाली अक्षरांत. साहजिकच आहे म्हणा, पण त्या क्षणी मला वाटलं, कोणीतरी मुद्दाम माझा अंत बघतंय. सायलीने वहीच्या पाठीमागे अक्षरांचा तक्ता काढला. हे आपलं 'क', हे 'ख'. मी बसमध्ये तो तक्ता घेऊन बसायचे. भोसरी येईपर्यंत दोन शब्द लागायचे, आणि लागल्यावर कळायचं, की चुकीचे लागलेत. 'फॉल्ट' या शब्दासमोर ओळीने सहा शब्द दिलेले. त्यातला कुठला कोर्टात म्हणतात, कुठला देवळात आणि कुठला आयसीयूबाहेर जमिनीवर बसलेल्या बापाला म्हणायचा, हे डिक्शनरी सांगत नाही. शब्दांचा ढीग तुमच्यासमोर ओतते आणि आपण मोकळी होते.

तिसरं पुस्तक एका मैत्रिणीच्या ओळखीने लायब्ररीतून आलं. संभाषणाचं. विमानतळावर, हॉटेलात, साडीच्या दुकानात, डॉक्टरकडे. हॉटेलात: माझ्या खोलीत गरम पाणी येत नाही. डॉक्टरकडे: मला काल रात्रीपासून सर्दी आहे. बस. मी शेवटच्या पानापर्यंत वाचलं. लोक फिरतात, जेवतात, खरेदी करतात, हवामानावर बोलतात. एकाही पुस्तकात कोणी कोणावर खोटा आळ घेत नाही, आणि कोणाला तो खोडून काढावा लागत नाही.

मी सायलीवर ओरडले, ज्ञानेशवर ओरडले, लाइनवर एका पोराने हेल्मेट उलटं घातलं म्हणून त्याच्यावर इतकी ओरडले, की तो बिचारा दिवसभर हेल्मेट धरूनच उभा होता. मला रडू यायचं ते रागाने यायचं.

शेवटी मी मला जे येतं ते केलं. आमच्याकडे कुठलंही काम शिकवायचं तर एका कागदावर बसवतात. पायरी एक, पायरी दोन, शेजारी चित्र, आणि लॅमिनेशन करून मशीनवर टांगतात. अंगठाछाप माणसालाही कळलं पाहिजे, असा नियम. मी तसाच कागद केला. फक्त लागतील तेवढीच वाक्यं. दोन्ही पुस्तकांतून आणि डिक्शनरीतून चिंधी चिंधी गोळा करून शिवली.

ती बरोबर आहेत का, हे विचारायला कोणीतरी हवं होतं. सायलीने वाकडच्या बंगाली लोकांच्या मंडळाचा नंबर काढला. फोनवरच्या बाई छान बोलल्या. त्यांनी माझी वाक्यं ऐकली, हसल्या नाहीत, दोन ठिकाणी सुधारलं, उच्चार परत परत म्हणवून घेतले. मला वाटलं, सुटले. मी म्हटलं, "ताई, तुम्हीच याल का एकदा? फक्त दहा मिनिटं. तुम्ही बोललात तर त्यांना सगळं कळेल." मग त्यांनी विचारलं, नेमकं प्रकरण काय आहे. मी सांगितलं. "देखिए, ये पोलीस केस लगता है," त्या म्हणाल्या. "मेरे हसबंड भी ऑटो कंपनी में ही हैं. प्लीज मेरा नाम कहीं मत लेना." आणि पुढे म्हणाल्या, "आपका उच्चारण अच्छा है." ते उच्चारण घेऊन मी काय चाटू?

पण वाक्यं तरी बरोबर होती. आपनार छेलेर कोनो दोष नेइ. तुमच्या मुलाचा काही दोष नाही. सेन्सर बोन्धो छिलो. सेन्सर बंद होता. ओ जानतो ना. त्याला माहीत नव्हतं. आमि ओके काज शिखियेछि. मी त्याला काम शिकवलंय. ओरा मिथ्ये बोलछे. ते खोटं बोलताहेत. कारो काछे माफ चाइबेन ना. कोणाची माफी मागू नका.

'दोष' तर आपलाच शब्द. सहा शब्दांच्या त्या ढिगात तो पहिल्यापासून पडलेला होता आणि मी उगाच बाकीच्यांच्या मागे धावत होते. मी ती वाक्यं कणीक मळताना म्हटली, बसमध्ये म्हटली, प्रेसच्या आवाजात मोठ्याने म्हटली. झोपेतही म्हणते, असं ज्ञानेशने सांगितलं.

शुक्रवारी दुपारी अर्धी सुट्टी टाकून गेले. तपन खाली चहाला गेला तशी मी निताईशेजारी जमिनीवर बसले आणि म्हटलं, "आपनार छेलेर कोनो दोष नेइ."

त्याने सवयीने हात जोडले. "ठीक है, ठीक है," म्हणाला. मी त्याचे जोडलेले हात सोडवले आणि परत तेच म्हटलं. आता त्याने माझ्याकडे पाहिलं. मी थांबले नाही, न जाणो तपन येईल. सगळी वाक्यं एकामागून एक म्हटली. शेवटचं दोनदा म्हटलं. कोणाची माफी मागू नका.

त्याने माझं मनगट धरलं आणि बोलायला लागला.

हे मी धरलंच नव्हतं. तुम्हाला हसू येईल, पण खरंच, एवढ्या दिवसांत माझ्या डोक्यात हे आलंच नाही, की मी बंगालीत बोलले तर तो माणूस बंगालीत उत्तर देईल. आमच्या लाइनवर पार्ट पुढे जातो, मागे येत नाही. मी बोलायचं, त्याला कळायचं, काम झालं, असाच हिशेब मी केला होता. आणि तो विचारत होता. एक, दोन, किती प्रश्न, कोणास ठाऊक. मी डिक्शनरी काढली. ती इंग्रजीतून बंगालीत जाणारी. बंगालीतून परत यायची वाट तिच्यात नव्हतीच. त्यासाठी दुसरं पुस्तक असतं. कानाने ऐकलेला शब्द मी शोधणार तरी कुठे?

एकच शब्द ओळखू आला. केनो. का? का? तो विचारत होता, का? का बंद केला, का सांगितलं नाही, की हे लोक का खोटं बोलतात? काय का? मी म्हटलं, "प्रोडक्शन." त्याला कळलं नाही. म्हटलं, "माल. माल कमी." तेही नाही. मग लक्षात आलं, सेन्सर म्हणजे काय, हे तरी या माणसाला कुठे माहीत आहे? मी हातांनी दाखवायला गेले. डावा हात आडवा धरला, ती प्रेस. उजवा हात त्याच्याखाली सरकवला. वरचा हात खाली आणणार तेवढ्यात त्याचा चेहरा बघितला आणि माझे हात तसेच राहिले.

मला समजत नाही, एवढं तरी बंगालीत सांगायला हवं होतं. तेही मी शिकले नव्हते. मी परत म्हटलं, "आपनार छेलेर कोनो दोष नेइ." दुसरं काय म्हणणार? पोपटासारखी तेच.

तपन आला. माझ्या मांडीवरची डिक्शनरी बघून हसला. "मॅडम, किताब से बंगाली? मैं हूँ ना." आणि मग त्याचं हसू गेलं, कारण निताई त्याच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसला. तपन काहीतरी बोलला. निताई वळला नाही. तपन फोन कानाला लावून जिन्याकडे गेला. घरी पोहोचले तर प्रितम सरांचा फोन. "मॅडम, उद्या हॉस्पिटलला तुमची गरज नाही. तुम्ही लाइनवरच थांबा."

आम्ही लातूरकडची माणसं. गरज नाही म्हटल्यावर तर जातोच.

शनिवारी प्लँटचे मोठे साहेब आले, फळांची करंडी आली, प्रितम सर आले. मला बघून त्यांनी फक्त भुवया वर केल्या. तपनने निताईला पुढे केलं. मोठ्या साहेबांनी नमस्कार केला. निताईने केला नाही. हात दोन्ही बाजूंना सरळ ठेवून उभा राहिला आणि बोलायला लागला, आधी हळू, मग इतक्या मोठ्याने, की सिस्टर बाहेर आली.

"काय म्हणताहेत?" साहेबांनी विचारलं.

"माफी माँग रहा है, सर," तपन म्हणाला. "बोल रहा है, लड़के से गलती हो गई, कंपनी ने बहुत किया."

"खोटं!" मी म्हणाले. "साहेब, हा खोटं सांगतोय. मी ऐकलंय. ते म्हणाले, आमार छेलेर कोनो दोष नेइ. माझ्या मुलाचा काही दोष नाही. माफी कोणी मागत नाहीये इथं."

निताईने माझ्याकडे बघून जोराजोराने मान हलवली आणि तेच वाक्य परत म्हटलं, सावकाश, बोट छातीवर ठेवून. तपन फरशीकडे बघत होता.

"तुम्हाला बंगाली येतं?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले.

"मग पुढचं सांगा. ते एवढं सगळं काय बोलले?"

निताई बोलतच होता, पण आता साहेबांकडे नाही, माझ्याकडे बघून. एकेक वाक्य बोलून थांबत होता, मी ते त्यांना सांगावं म्हणून. मोठे साहेब, प्रितम सर, सिस्टर, तपन, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"पुढचं मला येत नाही," मी म्हणाले.

प्रितम सरांनी श्वास सोडला. "सर, मॅडम जरा डिस्टर्ब्ड आहेत. त्यांच्याच ट्रेनिंगमधला मुलगा आहे ना."

"डिस्टर्ब्ड नाही! सेन्सर बायपास केला होता, हे मराठीत सांगते, ते तरी कळतंय ना? दुसरा माणूस आणा बंगाली येणारा, ह्याच्यासारखा कोणाच्या पगारावर नसलेला. तोवर हे काय बोलले ते तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही, एवढं तरी खरं लिहा."

मोठे साहेब म्हणाले, "अरेंज करा," आणि घड्याळ बघितलं. करंडी बाकावर ठेवून सगळे लिफ्टकडे गेले. तपनही गेला. जाता जाता प्रितम सर म्हणाले, "सोमवारी केबिनला या." सोमवार होऊन गेला, तो दुसरा माणूस अजून आलेला नाही, आणि मला लाइनवरून काढून स्टोअरला बसवलंय.

पण त्या दिवशी सगळे गेल्यावर निताई खाली बसला, आणि मीही बसले. त्याला वाटत होतं, मला बंगाली येतं. मीच तसं सांगितलं होतं ना सगळ्यांसमोर. तो बोलायला लागला. सुफलचं नाव सारखं येत होतं. एकदा त्याने हाताने जमिनीपासून उंची दाखवली, एवढासा होता तेव्हाचं काहीतरी असेल, आणि हसला. मग त्याचा आवाज बसला, मग चढला, मग तो बराच वेळ अगदी हळू बोलत राहिला, दाराकडे बघत. मी मान हलवत होते. नसती हलवली तर तो थांबला असता, आणि थांबला असता तर पुढे सांगायला त्याला तिथे कोण होतं? पोराबद्दल बापाला जे काही सांगायचं होतं ते सगळं त्याने मला सांगितलं, आणि मला त्यातलं काही कळलं नाही.